कोठारात किती दिवसांचं धान्य? रामचंद्रपंत अमात्य आणि गोदामाचं सिम्युलेशन

आज नवीन फोन नाही, नवीन ॲपही नाही. आज एका अशा माणसाबद्दल लिहितोय जो ३०० वर्षांपूर्वी पन्हाळ्यावर वारला, आणि ज्याची आठवण मला ऑफिसच्या कामात वरचेवर येते.

मी कळंब्याला राहतो. सकाळी तलावाच्या बाजूने एक चक्कर, मग घरी येऊन लॅपटॉप उघडायचा. माझं काम म्हणजे गोदामांमध्ये डब्ल्यूएमएस, म्हणजे वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टिम बसवणं. तुम्ही ऑनलाइन ऑर्डर केलेलं बुटांचं खोकं कुठल्या रॅकवर, कितव्या कप्प्यात आहे, ते कोणी उचलायचं, कुठल्या गाडीत टाकायचं, हे सगळं ही सिस्टिम सांगते. कामगाराच्या हातात स्कॅनर असतो, तो बारकोड मारतो आणि स्क्रीनवर पुढचं काम येतं.

दोन वर्षांपूर्वी एका गोदामात आम्ही अशी सिस्टिम चालू केली आणि पहिल्याच सोमवारी तोंडावर आपटलो. नियोजनाचं एक्सेल मीच केलं होतं. दिवसाला १२ ट्रक, एक ट्रक रिकामा करायला ४० मिनिटं, ट्रक लावायला २ जागा. म्हणजे प्रत्येक जागेवर दिवसाचं जेमतेम ४ तासांचं काम. निम्मा दिवस रिकामा! पण प्रत्यक्षात १२ पैकी ८ ट्रक सकाळी १० ते १२ मध्येच आले. स्कॅनर नवीन, पोरांचा हात बसलेला नाही, त्यामुळे ४० मिनिटांच्या कामाला ८० मिनिटं लागायला लागली. दुपारपर्यंत रस्त्यावर रांग. ड्रायव्हर लोकांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. सरासरीवर विश्वास ठेवणारा मी, संध्याकाळी मान खाली घालून घरी आलो.

त्यानंतर आमच्या टीममध्ये एक नियम झाला. सिस्टिम चालू करायच्या आधी सिम्युलेशन करायचं. म्हणजे गोदामाचं एक खोटं रूप कॉम्प्युटरमध्ये बनवायचं. त्यात खोटे ट्रक येतात, पण ठरलेल्या वेळी नाही. कधी दोन मिनिटांच्या अंतराने, कधी दोन तासांच्या. खोटा कामगार कधी पटकन स्कॅन करतो, कधी लेबल फाटलेलं निघतं. असा एक अख्खा दिवस कॉम्प्युटर काही क्षणांत जगून दाखवतो. मग तोच दिवस १०,००० वेळा. त्यातल्या किती दिवसांत रांग रस्त्यावर गेली ते मोजायचं. मग दरवाजा वाढवून बघायचा, माणसं वाढवून बघायची, सगळं गोदाम एकदम नव्या सिस्टिमवर न नेता आधी एकच विभाग नेऊन बघायचा. खऱ्या गोदामात यातली एकेक चूक लाखाला पडते, कॉम्प्युटरमध्ये फुकट.

आता पन्हाळा.

गंगा, यमुना, सरस्वती

कोल्हापूरच्या माणसाकडे पाहुणे आले की पन्हाळा ठरलेला. गाईड अंबरखान्यापाशी नेतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्याची दगडी कोठारं. गंगा कोठी सगळ्यात मोठी, सुमारे ३५ फूट उंच, आणि तिची क्षमता २५,००० खंडी होती असं सांगतात. बाहेरून वर चढायला पायऱ्या. पाहुणे सेल्फी काढतात, थंडगार आहे म्हणतात आणि कणीस खायला निघून जातात. मीही इतकी वर्षं तेच करत होतो.

त्या सोमवारनंतर गेलो तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, की अरे, हे वेअरहाऊस आहे! इथे आत किती माल आला, किती गेला, किती सडला, किती उंदरांनी खाल्ला, हे कोण लिहीत होतं? आणि वेढा पडला तर हे किती दिवस पुरणार, हे कोण सांगत होतं?

याच किल्ल्यावर ज्याची समाधी आहे तो माणूस आयुष्यभर अशाच प्रश्नांशी झुंजत होता. रामचंद्र नीळकंठ, म्हणजे रामचंद्रपंत अमात्य.

हिशेब तपासणारा पोरगा

रामचंद्रपंतांचा जन्म सुमारे १६५० चा. वडील निळो सोनदेव हे शिवाजी महाराजांचे मुजुमदार. मुजुमदार म्हणजे राज्याचा जमाखर्च तपासणारा अधिकारी. वडिलांच्या मागे हे काम मुलांकडे आलं. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला, अष्टप्रधानांना फारसीऐवजी संस्कृत नावं मिळाली, मुजुमदाराचा अमात्य झाला. त्या मंत्र्यांमध्ये रामचंद्रपंत वयाने सगळ्यात लहान, पंचविशीच्या आसपासचे. माझ्यापेक्षा लहान. त्या वयात मी कॉलेजच्या प्लेसमेंटसाठी ॲप्टिट्यूडचे प्रश्न सोडवत होतो.

हिशेबाचं काम दिसायला रुक्ष असतं, पण शिवाजी महाराजांच्या राज्यात माल आणि हिशेब या गोष्टी जिवामरणाच्या होत्या. किल्ल्यावरचा कारभार एका माणसाच्या हातात नसायचा. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी. सबनिसाकडे हजेरी आणि लिखापढी, कारखानिसाकडे धान्य आणि सामान. आजही डब्ल्यूएमएसमध्ये ज्याने माल उचलला त्यालाच स्टॉक कमी-जास्त करायचा अधिकार देत नाहीत. दोन लॉगिन वेगळे ठेवतात. कारण अगदी साधं आहे, वही आणि वस्तू यांची गाठ एकाच माणसाच्या हातात असली की ती कधीतरी सुटते.

त्या काळातलं महाराजांचं चिपळूणकडच्या छावणीला लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. शाळेत आपल्याला ते रयतेच्या काळजीचं पत्र म्हणून शिकवतात, आणि ते आहेच तसं. पण एकदा गोदामवाल्याच्या नजरेने बघा. पावसाळ्यासाठी घोड्यांचा दाणागोटा आणि गवत साठवलंय. आत्ताच मनाला येईल तसं वापरलं तर भर पावसात संपेल. संपलं की घोडी मरतील. मग शिपाई गावात शिरून कोणाचं धान्य, कोणाचा भाजीपाला उचलतील. मग रयत म्हणेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एका चुकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, अशी सगळी साखळी आधी डोक्यात चालवून बघितलीय. कॉम्प्युटर नाही, पण जर-तर पूर्ण आहे.

रामचंद्रपंत या शाळेत तयार झाले.

१६८९: राजा नाही, राजधानी नाही

१६८० मध्ये महाराज गेले. १ फेब्रुवारी १६८९ ला संभाजी महाराज संगमेश्वराला पकडले गेले आणि ११ मार्चला औरंगजेबाने त्यांची हत्या केली. राजाराम महाराज गादीवर आले, पण रायगडाला वेढा पडत होता. ते निसटून प्रतापगड, पन्हाळा करत थेट दक्षिणेत जिंजीला निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायगड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. पन्हाळाही त्याच सुमारास हातचा गेला.

जाताना राजाराम महाराजांनी इकडचा सगळा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवला. त्यांना हुकूमतपन्हा असा किताब मिळाला. सोप्या भाषेत, राजा परत येईपर्यंत महाराष्ट्रात यांचा शब्द राजाचा शब्द. वय चाळिशीच्या आसपास. समोर खुद्द औरंगजेब, अख्ख्या हिंदुस्थानचा खजिना घेऊन दख्खनमध्ये ठाण मांडून बसलेला. यांच्या सोबतीला शंकराजी नारायण, परशुराम त्र्यंबक, आणि मैदानात संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव.

यावर आयटीवाल्यांना एक उपमा लगेच सुचते, की जिंजी म्हणजे बॅकअप सर्व्हर. मलाही सुचली होती. पण मला ती आता पटत नाही. बॅकअप सर्व्हरला उपाशी राहावं लागत नाही. जिंजीला १६९० पासून झुल्फिकारखानाचा वेढा पडला तो १६९८ च्या सुरुवातीपर्यंत रेंगाळला. आणि इथे, विशाळगड-पन्हाळ्याच्या मुलखात, रामचंद्रपंतांकडे खजिना जवळपास रिकामा, किल्ले एकेक करून धोक्यात, आणि सरदारांना मोगलांकडून मोठमोठ्या मनसबींची आमिषं.

त्यांनी काय केलं? किल्ले लढते ठेवले, गेलेले परत घ्यायला माणसं लावली. परशुराम त्र्यंबकांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत मिळवला. संताजी-धनाजींच्या फौजांना मोकळीक दिली. त्या फौजा समोरासमोर भिडण्याऐवजी मोगलांची रसद तोडायच्या. मोगल छावणी म्हणजे चालतं-फिरतं शहर. तिला रोज धान्य लागायचं, चारा लागायचा, तो बंजाऱ्यांच्या बैलांच्या तांड्यांवरून यायचा, आणि तांड्याची वाट घाटातून जायची. आजच्या भाषेत मराठ्यांनी शत्रूच्या गोदामापेक्षा त्याच्या सप्लाय चेनवर हल्ला केला. स्वतःची कोठारं मात्र डोंगरावर, दगडात, पोचायला अवघड जागी.

एक गोष्ट त्यांना मनाविरुद्ध करावी लागली असणार. शिवाजी महाराजांचं धोरण होतं की सैन्याला शक्यतो रोख पगार द्यायचा, जमिनी वाटायच्या नाहीत. पण खजिन्यात रोख नव्हती. सरदार टिकवायचे तर वतनं आणि सरंजाम यांची आश्वासनं द्यावी लागली, मोगलांकडून जिंकशील तो मुलूख तुझा, अशा थाटाची. जिंजीहून आणि इकडूनही तशा सनदा निघाल्या. राज्य वाचलं. पण त्यातून ताकदवान वतनदार उभे राहिले आणि पुढे राजाचं ऐकेनासे झाले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला तांत्रिक कर्ज म्हणतो. आज डेडलाइन गाठायला केलेली जुगाडाची कोडिंग पुढे व्याजासकट फेडावी लागते. फरक इतकाच, की माझ्या जुगाडाने फार तर रिपोर्ट चुकतो.

मी पन्हाळा लॅपटॉपवर चालवून बघितला

रामचंद्रपंतांनी असं सिम्युलेशन केलं असं मी म्हणत नाहीये. त्यांच्याकडे ना कॉम्प्युटर, ना संभाव्यतेचं गणित. पण त्यांच्यासमोरचा प्रश्न नेमका आमच्यासारखा होता, म्हणून एका रविवारी मी पायथनमध्ये एक छोटा किल्ला बनवला. आकडे माझे, समजायला सोपे जावेत म्हणून घेतलेले. पन्हाळ्याचे खरे आकडे नव्हेत.

किल्ल्यावर १,००० माणसं. माणशी रोज पाऊण किलो धान्य, म्हणजे दिवसाला ७५० किलो. वेढा कमीत कमी ६० दिवस, जास्तीत जास्त १८० दिवस चालतो, मधला कुठलाही आकडा सारखाच शक्य. सरासरी १२० दिवस. सिद्दी जौहरने १६६० मध्ये पन्हाळ्याला घातलेला वेढा मार्चपासून जुलैपर्यंत, म्हणजे चार महिन्यांच्या वर होता, तेव्हा हा अंदाज अगदीच हवेतला नाही.

आता माझ्यासारखा एक्सेलवाला काय करेल? सरासरी वेढा १२० दिवसांचा, तर १२० दिवसांचं धान्य भरा. ९० टन. काम झालं.

पण कोठारात धान्य सडतं, कीड लागते, उंदीर खातात. समजा ० ते २० टक्के नुकसान होतं, कधी कमी, कधी जास्त. हे घालून वेढा १०,००० वेळा चालवला. जवळपास ६,००० वेळा किल्ला वेढा उठायच्या आधी उपाशी पडला. दहातल्या सहा वेळा! एक्सेलमध्ये मात्र सगळं हिरवं होतं. माझा तो सोमवार इथेच तर फसला होता.

मग धान्य वाढवत गेलो. १८० दिवसांचं भरलं, म्हणजे सगळ्यात लांब वेढ्याइतकं, तरी १०,००० पैकी १,५०० च्या आसपास वेळा उपासमार, कारण नुकसान. २०० दिवसांचं, म्हणजे १५० टन भरल्यावर तो आकडा ४०० वर आला. ठीक आहे, हा धोका एखादा किल्लेदार पत्करेल.

आता खरी गंमत. धान्य वाढवायच्या ऐवजी मी कोठार सुधारलं. दगडी जमीन, ओल नाही, उंदराला वाट नाही. नुकसान २० टक्क्यांऐवजी जास्तीत जास्त ५ टक्के. आता १८० दिवसांच्या धान्यावरच उपासमारीचा आकडा ४०० च्या खाली गेला. म्हणजे नुसती जमीन नीट केल्याने २० दिवसांचं, १५ टन धान्य कमी लागलं. हे १५ टन कुठल्या तरी गावातल्या शेतकऱ्याच्या घरातून येणार होतं, आणि बैलांच्या पाठीवरून गडावर चढणार होतं.

हा आकडा बघितला आणि मी आज्ञापत्र पुन्हा उघडलं.

आज्ञापत्र

मधली वर्षं भराभर सांगतो, कारण ती राजकारणाची आहेत आणि त्यावर भांडणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. राजाराम महाराज जिंजीहून निसटून १६९८ मध्ये विशाळगडाला परत आले. १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर वारले. ताराबाईंनी लहान मुलाला गादीवर बसवून लढा पुढे नेला, रामचंद्रपंत त्यांच्याच बाजूला. औरंगजेब आता स्वतः एकेक किल्ला घेत फिरू लागला. १७०० मध्ये सातारा, १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड. मराठे किल्ला शक्य तितका लढवायचे, पावसाळा जवळ आणायचे, मग बऱ्याचदा रक्कम घेऊन किल्ला सोडायचे आणि बादशहाची पाठ फिरली की परत घ्यायचे. विशाळगडाहून परतताना पावसाने मोगल फौजेची दाणादाण उडवली. १७०७ मध्ये नगरला औरंगजेब मेला. शाहू सुटून आले, भाऊबंदकी पेटली, साताऱ्याची आणि कोल्हापूरची गादी वेगळी झाली. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तापालट होऊन ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी राजे झाले. या उलथापालथीत रामचंद्रपंतांचा हात होता असं बहुतेक इतिहासकार मानतात. आयुष्यभर ज्या घराण्यासाठी राबले त्याच घरातल्या भांडणात शेवटी त्यांना बाजू निवडावी लागली. ती बरोबर निवडली का, हे मला नाही सांगता येणार.

पुढच्याच वर्षी, १७१५ मध्ये, याच तरुण राजासाठी आज्ञापत्र तयार झालं. परंपरेने ते रामचंद्रपंतांचं मानलं जातं. राज्य कसं चालवावं याचं हे मराठीतलं पुस्तक. राजाने कसं वागावं, प्रधान कसे असावेत, सावकार, वतनदार, किल्ले, आरमार असे त्यात भाग आहेत. लोक त्यातला झाडांचा भाग नेहमी सांगतात, की आरमारासाठी लाकूड हवं म्हणून रयतेची आंबा-फणसाची झाडं तोडू नयेत, आणि जुनं झालेलं झाड हवं असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. चांगला भाग आहे. पण मी किल्ल्याच्या भागात अडकलो.

किल्ला बांधायच्या आधी पाणी बघा. एका झऱ्याच्या भरवशावर राहू नका, साठवणीची सोय करा. दारूचं कोठार राहत्या घरांपासून लांब ठेवा, आणि दारू अधूनमधून बाहेर काढून उन्हात वाळवा. धान्याची आणि सामानाची घरं अशी बांधा की आग, उंदीर, किडा-मुंगी, वाळवी यांचा त्रास होणार नाही, त्यासाठी जमीन दगडाची आणि चुन्याची करा. किल्ल्यावरचे अधिकारी एका जागी मुरू देऊ नका, ठराविक वर्षांनी त्यांच्या बदल्या करा.

माझ्या लॅपटॉपने १०,००० वेळा किल्ला उपाशी मारून जे उत्तर काढलं, ते इथे एका ओळीत होतं. दगडाची जमीन. फरक असा की माझे १०,००० वेढे खोटे होते. रामचंद्रपंतांच्या ओळीमागचे वेढे खरे. कोणता किल्ला पाण्यावाचून गेला, कुठे दारूला ओल धरली, कुठला कारखानीस वहीत भरलेलं आणि कोठारात रिकामं ठेवून बसला होता, हे चाळीस वर्षं त्यांच्यासमोर कागद होऊन येत होतं. त्यांना एकच धाव मिळाली, आणि तिचा डेटा त्यांनी फुकट जाऊ दिला नाही.

अजून एक जागा आहे, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडते. तिथे गोष्ट चक्क गोदामाची आहे. पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच या टोपीवाल्यांनी वखारीसाठी जागा मागितली तर काय करायचं? वखार म्हणजे आज आपल्याला लाकडाची वखार आठवते, पण तेव्हा परदेशी व्यापाऱ्यांचं गोदामच. आज्ञापत्र सांगतं की समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी जागा द्यायची नाही. द्यायचीच तर आतल्या बाजूला, मोठ्या गावांच्या मध्ये, सखल जागी द्या, आणि पक्क्या इमारती बांधू देऊ नका. कारण यांची ताकद आरमार आणि तोफा. किनाऱ्यावर आज गोदाम बांधतील, उद्या त्याच्याभोवती भिंत येईल, परवा भिंतीवर तोफ, आणि मग तो किल्ला झाला. तो काढायला किती जीव जातील?

ही भीती हवेतली नव्हती. १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारीतले लोक, त्यांचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टनसकट, तोफा आणि दारूगोळा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला आले होते आणि गडावर गोळे टाकत होते. त्याचा हिशेब महाराजांनी पुढच्या वर्षी राजापूरला चुकता केला. म्हणजे किनाऱ्याजवळच्या एका गोदामातून निघालेला माल पन्हाळ्यावर येऊन फुटतो, हे उदाहरण रामचंद्रपंतांच्या दफ्तरात होतंच. मुंबई आणि मद्रासला इंग्रजांच्या वखारींचं पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि वतनदारांबद्दल? इथे पंत फार सावध लिहितात. हे लोक म्हणजे राज्याचे छोटे-छोटे भागीदार, यांना एकदम दुखवू नका, पण मोकळंही सोडू नका, सत्ता वाढली की हे एकमेकांना आणि राजाला गिळायला बघतात, असा सूर आहे. १६८९ नंतर वतनांच्या सनदा वाटायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांनीच २५ वर्षांनी हा इशारा लिहिला. वाचताना मला वाटतं, आज्ञापत्रातला हा सगळ्यात अवघड भाग असणार. आपल्याच जुगाडाचं डॉक्युमेंटेशन प्रामाणिकपणे लिहायला किती जड जातं, हे कुठल्याही डेव्हलपरला विचारा.

यातून एक प्रश्न उरतोच, की इतकं सगळं कळत होतं तर कोल्हापूर आणि सातारा भांडत का बसले? त्याला माझ्या पायथनमध्ये उत्तर नाही. ट्रक किती वाजता येईल याचा अंदाज बांधता येतो. घरातल्या माणसांपैकी कोण कधी उलटेल, याचा नाही.

१७१६ मध्ये रामचंद्रपंत पन्हाळ्यावर वारले. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी राजांपर्यंत, सगळ्या छत्रपतींचा काळ या माणसाने बघितला होता. त्यांच्या घराण्याकडे गगनबावड्याची जहागिरी राहिली, पंत अमात्य बावडेकर म्हणून कोल्हापुरात आजही लोक त्यांना ओळखतात.

तुम्हाला किल्ला स्वतः चालवून बघायचा असेल तर लॅपटॉप लागत नाही. अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड टाका किंवा ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडा. रँडम मॉड्यूल घ्या. वेढ्याचे दिवस ६० ते १८० मधला एक आकडा, नुकसान ० ते ०.२ मधला एक आकडा. साठ्याच्या दिवसांना एक वजा नुकसान याने गुणा. उत्तर वेढ्याच्या दिवसांपेक्षा कमी आलं तर उपासमार एकने वाढवा. हे १०,००० वेळा फिरवा. दहा ओळींच्या आत होतं. मग त्यात तुमचे बदल घाला: पावसाळ्यात नुकसान दुप्पट, महिन्यातून एकदा रात्री चोरवाटेने आलेली दहा पोती, किंवा कारखानिसाची वही ५ टक्के खोटी. शेवटचा बदल घालून बघाच, आकडा कसा हलतो ते कमेंटमध्ये सांगा.

आमचं पुढचं गोदाम दिवाळीच्या आठवड्यात चालू करायचं ठरलं होतं. सिम्युलेशन चालवलं, १०,००० पैकी निम्म्याहून जास्त दिवसांत रांग गेटबाहेर गेली. तारीख आता जानेवारीत ढकलली आहे, आणि आधी फक्त एकच विभाग.